इंजिनाच्या पोटातली क्लिप

अरे, त्या गोमाकाकाने एकदा मला रडवायचंच बाकी ठेवलं होतं! तुर्भ्याला नवे कारखाने उभे राहत होते आणि मी एका ठेकेदाराकडे यंत्रं दुरुस्त करायचो, तेव्हाची गोष्ट. झाडं कापायची त्याची पेट्रोलवरची करवत जाम झाली, ती मी घरी आणली. कोणीतरी पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळताच चालवली, आणि पिस्टन सिलेंडरला चिकटला. संध्याकाळपर्यंत चालू झाली नाही, तर माझं काम गेलं, असं ठेकेदाराने बजावलं होतं.

मदतीला शेजारचा गोमाकाका, जन्मभर मासळीची जाळी विणलेला माणूस. आम्ही सिलेंडर घासून साफ केला, नवा पिस्टन बसवायला घेतला. त्याची पिन जागेवर धरणारी, नखाएवढी तारेची क्लिप लावायची, तर क्लिपच नाही! ती इंजिनाच्या पोटात पडली असेल, तर चालू करताच सगळ्याचा चुरा.

"काका, आत पडली काय?"

पिस्टन दोन्ही हातांत धरून काका नुसता "हूं हूं" करत मान हलवत होता. मला वाटलं, संपलं. इंजिन उलटं करून झटकलं, लोहचुंबक फिरवलं, गावदेवीला नारळसुद्धा बोललो.

तेवढ्यात माझ्या बायकोने चहा आणला. काकाने पिस्टन खाली ठेवला, गालात दोन बोटं घातली आणि क्लिप बाहेर काढली.

"अरे, मग बोललास का नाय?"

"तोंडात वस्तू हाय तर बोलू कसा? जालं विनताना आमी सुई अशीच धरतो."

करवत दोरीच्या तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. पण त्यानंतर कुठलंही खोललेलं इंजिन परत जोडण्याआधी मी काकाला "आ" करायला लावायचो.