नवा मनोरा, उंची साठ

नाव: फवारणीच्या विमानांच्या धावपट्टीवर सगळे मला फळ्याच्या बाई म्हणतात. वय: ४६. व्यवसाय: नोकरी, धावपट्टीच्या ऑफिसात फोन घेणे व फळा लिहिणे. राहणार: धावपट्टीमागील क्वार्टर्स, खोली तीन. उंची: पाच फूट दोन इंच. फॉर्मला सेंटिमीटर हवेत, ते साहेबांनी काढून घ्यावेत.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, अपघात झालेल्या विमानाचा पायलट माझा धाकटा दीर आहे. त्याचा मणका मोडला असून तो दवाखान्यात आहे.

मंगळवारी सकाळी साडेनऊला मनोरा उभारणाऱ्या इंजिनियरांचा फोन आला. शेतांपलीकडचा नवा मनोरा पूर्ण झाला, उंची साठ, असे त्यांनी सांगितले. मी फळ्यावर 'नवा मनोरा ६०' असे लिहिले. आमच्याकडे उंची फुटांतच असते, म्हणून फूट असे कोणी लिहीत नाही. त्यांच्याकडे सगळे मीटरमध्ये, म्हणून ते मीटर असे बोलत नाहीत. साठ मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे फूट, हे मला आज तिसऱ्यांदा समजावण्यात आले. मला पहिल्यांदाच समजले होते.

घरी मी ताप फॅरनहाइटमध्ये बघते, कापड मीटरवर आणते आणि खिडकी इंचांत मोजते. कधी घोळ झाला नाही असे सांगणार होते, पण पडदे दोनदा आखूड झालेले आहेत.

बुधवारी सकाळी सातला दीर ऑफिसात आला. फळा बघून म्हणाला, "वहिनी, हा साठवाला नवीन का? मग शंभरावरून जातो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको." मी म्हटले, "जा, आणि वेळेवर ये." सात चाळीसला विमान मनोऱ्याच्या आधाराच्या तारेत अडकून शेतात पडले. समोरून ऊन होते. तार दिसली नसणार.

तो मनोरा मी रोज बाजारात जाताना बसमधून बघते. टोक बघायला मान वर करावी लागते. तो साठ फुटांचा नाही हे आंधळ्यालाही कळले असते. तरी लिहिताना माझ्या मनात आले नाही. याचे मला फार वाईट वाटते.

दिराने दवाखान्यात जबाब दिला आहे की, त्याने फळा बघितलाच नाही. ते खोटे आहे. त्या जबाबामुळे दोष त्याच्यावर येऊन त्याचे लायसन्स जाईल. काल त्याला विचारले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी, तुम्ही यात पडू नका." माझे यजमान म्हणतात, "तो आता कुठला उडतोय? तुझी नोकरी तरी राहू दे." घरात सध्या माझीच नोकरी आहे. पण तो परत उडेल की नाही हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही, आणि ते मला यजमानांकडून ऐकायचे नाही.

हवालदारांनी सगळे मोठ्याने वाचले. मजकूर मी सांगितला तसाच आहे. मात्र वर विषयात 'पायलटच्या हलगर्जीपणामुळे झालेला अपघात' असे आधीच टाइप केलेले होते. मी सही केली नाही. हवालदार म्हणाले, "बाई, मग कोणाच्या लिहू?" मी सांगितले. 'पायलटच्या' खोडून तिथे 'फळा लिहिणाऱ्या बाईच्या' असे घातले आहे. आता बरोबर आहे. सही केली.