मागून आणलेला नर

हसणार असाल तर सांगत नाही. मी टॅरांटुला कोळी पाळतो हे तुम्हाला माहीत आहे. तळहाताएवढी केसाळ मादी आहे माझ्याकडं. तिची पिल्लं काढायची म्हणून अकोल्याच्या संतोषकडून नर मागून आणला, आपल्याकडं गाईसाठी वळू आणतात तसा. काम झालं की परत करायचा, अशी बोली होती.

जोडी लागली आणि मी नराला लगेच वेगळ्या डब्यात ठेवलं, कारण तो तिथंच रेंगाळला तर मादी त्याला खाऊन टाकते. मग डेअरीवर दूध घालायला गेलो. तिथंच चुकलं.

आमच्या वडलांचा, आप्पांचा, सगळा जन्म गोठ्यात गेलेला. मी परत आलो तर ते मादीच्या काचेच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसलेले.

“आप्पा, नर कुठाय?”

“सोडला परत तिच्याकडं. एकदा वळू दाखवून गाय तरी गाभण राहती का? दुसऱ्यांदा दाखवावाच लागतो.”

पेटीत नराचे फक्त दोन पाय उरले होते. तेवढ्यात संतोषचाच फोन. आप्पांनीच माझ्या हातातून मोबाईल घेतला, स्पीकर लावला आणि “मी आप्पा बोलतोय” म्हणाले.

“काका, माझा नर बरा आहे ना? उद्या न्यायला येतो.”

“या की,” आप्पा शांतपणे म्हणाले, “पण आता मादीसकट न्यावा लागंल.”