पन्नासावर एक फेरा

माझं नाव सुमन, पन शेडमधल्या बाया मले अक्का म्हनायच्या, मंग गल्लीतले अक्का म्हनायले लागले, अन् आता नातवंडंबी अक्काच म्हनतात, म्हनजे आजी व्हायचं राहूनच गेलं माझं. जन्म असोद्याचा. बापाची केळी व्हती, आम्ही पाच बहिनी, पाचवीच्या वेळी बापानं देवाले हात जोडले का बाबा आता बस कर. शाळा सातवीपर्यंत. माझे पाढे लई पक्के, तीसपर्यंत उलटेसुलटे म्हनायची, मास्तर म्हने हिचं डोकं पोराचं हाये. मी म्हटलं मास्तर, डोकं माझंच हाये, पोराचं कसं राहील. त्यानं कान धरला. खरं बोललं का कान धरतात हे मले तेव्हापासून माहीत हाये.

लग्न झालं अमळनेरले. आमचे हे तिथं तेलाच्या मिलमध्ये, मानूस चांगला, फक्त सल्ले द्यायची खोड. मिलचं काम कमी झालं तसं यांले घरी बसवलं, अन् घरी बसून हे मले भाकरी कशी भाजायची ते सांगायले लागले. ऐंशीच्या पुढची गोष्ट असंल. सासरी राहायचं म्हनजे जाऊबाईच्या हाताखाली मजुरीनं कापूस वेचायचा, अन् जाऊबाई अशी का कापसाचं बोंड उलटं धरलं तरी माझा बाप काढायची. मी म्हटलं चला जळगावले, तिथं उपाशी राहू पन आपल्या घरात राहू. एक खोली घेतली, अन् ह्यांनी दारात खुर्ची टाकून आल्यागेल्याले सल्ले द्यायले सुरुवात केली.

आता मधुभाऊचं सांगते, कारन तिथूनच बठ्ठं सुरू झालं. मधुभाऊ म्हनजे रेडिओ दुरुस्त करनारा मानूस, स्टँडजवळ एवढंसं दुकान. पन तेव्हा टीव्ही आले व्हते अन् लाइट अशी मरतुकडी का संध्याकाळी शेतातल्या मोटरी सुरू झाल्या का टीव्हीतला मानूस आखडून बुटका व्हायचा. म्हनून मधुभाऊ स्टॅबिलायझर बनवायचा. त्यात तांब्याच्या तारेचं गुंडाळं लागतं, कॉइल म्हनतात, प्लास्टिकच्या रिळावर हँडल फिरवून तार गुंडाळायची, फेरे मोजून. मी रेडिओ घेऊन गेली व्हती. भाऊ फेरे मोजू रायला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बोलनं झालं, अन् भाऊ डोक्याले हात लावून बसला, कितीवर व्हतो. मी म्हटलं दोनशे सत्तावीस. तो माझ्याकडं बघतच रायला. म्हने तुम्ही काऊन मोजत व्हत्या? मी म्हटलं बसल्या बसल्या काय करू मंग. दुसऱ्या दिवशीपासून मी कामाले.

दुकानाची शेड झाली, पत्र्याची, एमआयडीसीत, अन् आम्ही बारा बाया झालो. धुळ्याकडची यशोदा व्हती, नवऱ्यानं टाकलेली. हसीना व्हती, तिच्या सासऱ्याचं गादीचं दुकान. बाकीच्या आसपासच्या. बठ्ठ्यांच्या घरी चूल त्या शेडवर पेटायची, हे ध्यानात ठेवा, मंग पुढचं समजंल.

तर एक दिवस मुंबईचा एजंट आला. म्हने तैवानची एक कंपनी हाये, तिले कॉइल पाहिजे, हातानं गुंडाळलेली, बारीक कामाची. मी म्हटलं तैवान कुठं आलं. मधुभाऊ म्हने चीनच्या बाजूले. ह्यांले घरी सांगितलं तर हे म्हने भुसावळच्या पुढं असंल. ती कंपनीबी काही मोठी नव्हती तेव्हा, मालक अन् चाळीसेक मानसं. अन् गंमत सांगू का तुमाले, तीबी स्वतःच्या नावाचं काहीच बनवत नव्हती. अमेरिकावाला म्हने मले कॉइलवाली डबी बनवून दे, ही बनवून द्यायची, नाव अमेरिकावाल्याचं. म्हनजे अमेरिका नवरी, तैवान करवली, अन् आम्ही करवलीचा पदर धरनाऱ्या. पन वरात ती वरातच.

दहा कॉइलींचा नमुना मधुभाऊनं स्वतः केला, पसंत पडला. मंग ऑर्डर आली पाच हजाराची. खाली बारीक तारेचे फेरे, वरून जाड तारेचे पन्नास. भाऊले तेव्हाच ताप भरला, टायफॉइड, तो घरी पडला अन् मले म्हने अक्का, आता तुमीच बघा.

अन् मी बघितलं. काय सांगू तुमाले, माझ्या मनात आलं, पयलं काम परदेशात चाललं, अन् पन्नास? आपल्यात कोनी पन्नास देतं का? लग्नात आहेर एक्कावन्न, देवाले एकशे एक, मागं शून्य ठेवलं का पुढचं खुंटलं. मी बायांले विचारलं. यशोदा म्हने आमना कडे बी एक्कावन्नच शे. हसीना म्हने हमारे में बी इक्यावनच देते, पचास कौन देता अक्का, भिकारी समझेंगे. मी म्हटलं झालं तर, एक फेरा वर घाला, शकुनाचा. तार आपली जाईल थोडी, जाऊ दे. पाच हजार कॉइली, एकूनएक एक्कावन्न फेरे. पयल्या खोक्याले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, टेम्पो मुंबईले. मले तर असं वाटलं का लेक सासरी धाडली.

महिना झाला न झाला तर पोस्टातून तार आली. माल मुंबईच्या गोदामात थांबवला हाये, तिथून तपासायले वीस कॉइली विमानानं तैवानले नेल्या त्या बठ्ठ्या नापास, कंपनीचा साहेब स्वतः येतो हाये, पटलं नही तर काम बंद. मधुभाऊ नुकता उठलेला, तो पुन्हा आडवा झाला. त्यानं शेडसाठी घर गहान टाकलं व्हतं. अन् मी? मले काहीच कळंना. नापास कशी व्हईल, आम्ही तर मापाच्या वर दिलं! खरं सांगते, माझ्या डोक्यात एक सेकंदबी आलं नही का तो एक फेराच दोषी हाये. जास्त देनारा कधी गुन्हेगार असतो का? ह्यांनी सल्ला दिला, सांगून द्या उंदरांनी केलं. मी म्हटलं उंदरं तार कुरतडतात, गुंडाळत नहीत.

साहेब आला. लिनसाहेब. आम्ही समजलो मोठा धिप्पाड मानूस असंल, तर एवढासा, चष्मा, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. थंडीचे दिवस व्हते म्हनून मधुभाऊनं भरताचं जेवन ठेवलं, आपलं वांग्याचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरव्या मिरचीचं, अन् ज्वारी-उडदाच्या कळन्याची भाकर. साहेबानं दोन घास खाल्ले अन् डोळ्याले धारा लागल्या. यशोदा मले कोपर मारून म्हने, अक्का, पाहा, कॉइलीसाठी रडी रायना. मलेबी तसंच वाटलं अन् माझेबी डोळे भरले, हसीनानं पदर तोंडाले लावला, आम्ही बाराजनी अन् साहेब, बठ्ठे रडू रायलो, अन् एजंट बिचारा पानी घ्या पानी घ्या करत फिरू रायला.

जेवन झाल्यावर साहेबानं पिशवीतून कॉइल काढली, टेबलावर ठेवली अन् हातानं उलटी सोडायले लागला. एक एक फेरा, बोटं अशी चालत व्हती का मी ओळखलं, ह्या मानसानं स्वतः तार गुंडाळलेली हाये. मी मनात मोजू रायली. अठ्ठेचाळीस, एकोनपन्नास, पन्नास, अन् त्यानं तारेचा शेवटचा फेरा वर धरला अन् आमच्याकडं पाहिलं. दुसरी सोडली. एक्कावन्न. तिसरी. एक्कावन्न. मधुभाऊ हँडलच्या मशीनकडं पाहू रायला, म्हने फेरे मोजायचा काटा बिघडला असंल, मशीनच चुकलं. एजंटनं तेच इंग्रजीत सांगितलं. अन् साहेब मशीनकडं निघाला.

आता पाहा, मी गप्प बसली असती तर निभलं असतं का? निभलंबी असतं. मशीनले कोन विचारतं. पन भाऊनं ते मशीन आदल्या वर्षीच नवं घेतलेलं, अन् त्यावर बसायची हसीना, म्हनजे मशीन धड निघालं का उद्या बोट तिच्याकडं गेलं असतं. मनात म्हटलं, सुमन, पुन्हा जाऊबाई, पुन्हा कापूस, अन् नुसती तू नही, ह्या अकरा बायाबी घरी. तरी उभी रायली अन् म्हटलं, मशीन नही चुकलं. मी सांगितलं व्हतं. चूक माझी हाये.

एजंट म्हने काऊन सांगितलं? मी म्हटलं आहेर पन्नासचा देतात का? एजंटनं कपाळाले हात लावला, म्हने बाई हे मी त्याले कोन्या तोंडानं सांगू. मी म्हटलं ज्या तोंडानं भरीत खाल्लं त्याच तोंडानं. मंग त्यानं सांगितलं. लई वेळ सांगू रायला. साहेब ऐकत व्हता, चेहरा दगडाचा. मंग हळूच काहीतरी बोलला अन् एजंट गुदमरल्यासारखा झाला. म्हने अक्का, यांच्यात उलटं हाये, शुभकामाले जोडीचा आकडा देतात, अन् एकी आकडा मयतीले.

म्हनजे मी पाच हजार मयतीचे आहेर पाठवले व्हते! मले तर धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं. अन् यशोदा, तिले कुठं काय बोलावं ते कधीच कळलं नही, ती मोठ्यानं म्हने, बठ्ठ्या सारख्याच शेतस ना पन, एक तरी येगळी शे का?

साहेबानं विचारलं ती काय म्हनते. एजंटनं सांगितलं. अन् तो दगडाचा चेहरा फुटला, असा हसला का चष्मा काढावा लागला. तो म्हने, तेच तर पाहायले मी एवढ्या लांब आलो. कारखान्यात चूक असते ती विखुरलेली असते, एक इकडं, एक तिकडं. वीसच्या वीस कॉइली बरोब्बर एकाच फेऱ्यानं चुकलेल्या मी जन्मात पाहिल्या नही. ज्यांले इतकं सारखं चुकता येतं त्यांले बरोबर करायले किती वेळ लागनार. मले म्हने, हा वरचा फेरा काढायले किती दिवस? मी म्हटलं माल आना, आठ दिवस.

माल परत आला. पाच दिवसांत काढला आम्ही, पाच हजार फेरे, एकेक उलटा, टोक पुन्हा बांधून. साहेब तोवर जळगावातच, रोज येऊन आमच्यात स्टुलावर बसायचा, दूधभात खायचा. सांगायचा, त्याची आई अन् मावशा घरी जेवायच्या टेबलावर तार गुंडाळायच्या, जेवनाच्या वेळी तारा बाजूले सारायच्या, तिथून त्याची कंपनी झाली. जाताना त्यानं प्रत्येकीले दोन्ही हातांनी नमस्कार केला. अन् पुढची ऑर्डर वीस हजाराची.

मंग काय, वाढतच गेलं. बाराच्या साठ बाया झाल्या, साठाच्या दीडशे, असोद्याहून, पाचोऱ्याहून येऊ लागल्या. कंपनी दर वर्षी कॅलेंडर पाठवायची, त्यावर त्यांच्या कारखान्याचा फोटो. पयल्या वर्षी एक शेड अन् पुढं चाळीस मानसं दात काढून उभी. मंग तीन मजले, मानसं बोटाएवढी. मंग डोंगराच्या बाजूले लांबच लांब इमारत, मानसं मुंग्यांएवढी. कॉम्प्युटर बनवू रायले म्हने, जगातले मोठे मोठे नाववाले त्यांच्याकडून बनवून घेतात. शेवटच्या कॅलेंडरवर नुसता कारखाना, आकाशातून काढलेला, मानूस एकबी नही. मी तेव्हाच मधुभाऊले म्हटलं, भाऊ, आता कंपनीले आपन दिसत नसू.

अन् तसंच झालं. शहान्नव-सत्त्यान्नव असंल. कॉइली आता मशीनच गुंडाळनार, त्यांच्याच कारखान्यात, आमचं काम बंद. पन एक म्हनीन, पत्र पाठवून मोकळे झाले नहीत ते. लिनसाहेब स्वतः आला. केस पांढरे, सोबत चार कोटवाले. त्यांले बाहेर थांबवलं अन् एकटा आत आला, बायांपुढं उभा राहून सांगितलं. मी रडली, सरळ हुंदके देऊन रडली, लाज कशाची. दहा-बारा वर्षं हातानं कमावून खाल्लं व्हतं आम्ही त्या तारेवर. तो माझ्याजवळ बसला अन् म्हने, नवं मशीन एका मिनिटात तुमच्या दिवसाचं काम करतं. फक्त ते चुकलं का काऊन चुकलं ते आठ इंजिनेर आठ दिवस शोधतात. ते उभं राहून सांगत नही.

शेड बंद झाली. मधुभाऊ आता नही, देव त्याले चांगली जागा देवो. घर मात्र त्याचं त्यानं सोडवलं व्हतं. काही बाया घरी बसल्या, हसीनानं शिलाई धरली. मी अन् यशोदा मिळून पंपाच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं बांधायचं दुकान टाकलं. शेतकरी पयले हसायचे, बाया मोटर बांधनार? हे दारात खुर्ची टाकून त्यांले सल्ले द्यायचे, त्यानं गिऱ्हाईक पळायचं उलट. आता हे थकले, सल्लेबी थकले. तेबी चुकल्यासारखं वाटतं कधी कधी.

गेल्या आठवड्यात ममुराबादकडचा एक आला, तावातावात, आमच्याकडून बांधून नेलेली मोटर दोन दिवसांत जळाली म्हने. स्वतःच म्हनू रायला, आमच्याकडं लाइटच खराब. मी उघडून पाहिली. लाइटचा काही दोष नव्हता, तारेचा जोड मीच कच्चा ठेवलेला, डोळे आता पयल्यासारखे नहीत. यशोदा मले खुनावू रायली का गप राहा. मी म्हटलं दादा, लाइट नही, माझी चूक हाये, परत बांधून देते, पैसे नको. लई बोलला तो मले, रस्त्यावर लोक जमले. अन् दुसऱ्या दिवशी भावाची अन् मेव्हन्याची, दोन्ही मोटरी घेऊन हजर. त्या तिथं पडल्या, पाहा. सुखी राहो बिचारा, त्याच्या केळीले पानी मिळो. मले आज संध्याकाळपर्यंत द्यायच्या हाये त्या.