पूर्वेला कललेली बिल्डिंग

सदाशिव पेठेतल्या कानाच्या दवाखान्यात नम्रता नंबरची वाट बघत होती. शेजारी हडपसरच्या एका सोसायटीचे अध्यक्ष संभाजीराव भिंत धरून बसले होते आणि सेक्रेटरी दामले त्यांना धरून.

“तपासून काय म्हणाले डॉक्टर?” दामलेंनी विचारलं.

“कानात बारीक खडे असत्यात म्हणे, तोल सांभाळणारे. ते जागचे हलले. म्हणून कूस बदलली की सगळं फिरतंय.”

“म्हणजे बिल्डिंग कललेली नाही?”

“नाय. माझा कानच बिघडलाय.”

“अहो, पण बिल्डिंग पूर्वेला कललीय असा ठराव केलाय आपण! एकमताने!”

“मला फिरलं म्हणून मी बोललो. तुम्ही कशाला हात वर केले?”

“टेबलाला धरून बोलत होतात तुम्ही. सभेत इतकं मनापासून कोण बोलतं? दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं दूध एकाच बाजूने उतू जायला लागलं.”

“आता डॉक्टर डोकं वळवून खडे जागेवर बसवणार. दोन मिनटाचं काम हाय.”

“बरे व्हा ना, पण सोमवारी. रविवारी बिल्डर ओळंबा घेऊन भिंती सरळ आहेत का बघायला येतोय. कललेल्या बिल्डिंगचा अध्यक्ष सरळ उभा राहिला तर कसं दिसेल?”

तेवढ्यात संभाजीरावांना आत बोलावलं. थोड्या वेळाने ते भिंत न धरता बाहेर आले.

“झकास! समदं सरळ दिसतंय.”

दामले उठले आणि चटकन भिंतीला टेकले.

“अध्यक्ष, हा दवाखानाही कललाय हो!”

खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून नम्रताने विचारलं, “पूर्वेलाच ना?”