जात्याची पाटी

त्या साहेबांचं नाव निघालं की माझं डोकं तापतं, कारण आमचं जातं अजून त्यांच्याकडेच आहे. लातूरच्या एका संग्रहालयाने ते आमच्या चाकूरच्या काकूकडून महिनाभराच्या प्रदर्शनासाठी मागून नेलं होतं. महिना कधीच उलटला, काकूच्या नातीची हळद परवावर आली. आमच्यात लग्नाची हळद त्याच जात्यावर दळतात. म्हणून बाजारातून हळकुंडं घेऊन काकू आणि मी थेट तिकडे गेलो.

संग्रहालयाचे साहेब म्हणाले, “आता ती संग्रहाची वस्तू झाली, बाहेर जाणार नाही. हळद मिक्सरवर काढा ना!”

“बघायला दिलं व्हतं साहेब, दान न्हाई केलं,” काकू म्हणाली.

जात्यापुढे पाटी होती: ‘वापर आता बंद’. मी ती वाचून दाखवली मात्र, काकू भडकली.

“बंद कुनी पाडला? तुम्हीच की!”

ती दोरीखालून वाकून आत शिरली, जात्याला कुंकू लावून फरशीवर बसली आणि दळायलाच लागली. सहलीला आलेली पोरं भोवती जमली. मुदखेडच्या दोन बायकांनी तर खुंट्याला हातही लावला. साहेब ओरडत आले, पण गर्दी बघून मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले.

“काकू, झकास! दर रविवारी येता का, लोकांना दाखवायला?”

काकूने हळद पदरात बांधली.

“येते की. दर रविवारी तुमच्या घरी एक लगीन काढा.”