मिक्सरपेक्षा कमी आवाजाचं

...नाही हो, भिंतीत नाही, दारात — लाकडी दार — आणि आता परत ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणू नका, मिस्टरांना बल्ब बदलायचा झाला तरी आधी आईला विचारावं लागतं. हे पिवळं ड्रिल फार जड आहे. ते छोटं द्या बघू — हं, हे पेलतं हाताला. आवाज किती करतं हे— आई गं! बटण दाबण्याआधी सांगायचं तरी! हसा, हसा. आमच्या घरी हा करमणुकीचाच कार्यक्रम आहे — सुनेच्या मागे गुपचूप येऊन उभं राहायचं आणि ती दचकली की विचारायचं, ‘एवढं कशासाठी मन खातंय गं तुला?’

आवाज मिक्सरपेक्षा कमी हवा. का म्हणजे? सासूबाई सकाळी मिक्सर लावतात, तेवढ्यात माझी भोकं पाडून व्हायला हवीत. — चोरून? माझ्याच खोलीच्या दाराची कसली आलीय चोरी? ही बघा कडी, रुमालात गुंडाळून आणलीय. लग्नाआधी रंगकामात काढली म्हणे, आणि मग भोकंही पुट्टीनं बुजवली — किती टापटिपीची माणसं! ‘घरच्या घरात कडी कशाला?’ इति सासरे. खरंच, कशाला? मी कपडे बदलत असते, सासूबाई येतात, कपाट उघडतात, काही न घेताच जातात. मी आईशी फोनवर बोलत असते, दाराखालून चपला दिसतात — थांबलेल्या. हल्ली मी आईला सगळं छानच सांगते.

वायरवालं स्वस्त असतं, ठाऊक आहे मला. घरात आहेच एक. पण लावू कुठे? आमच्या खोलीतला प्लग बंद — तोही त्या रंगकामापासूनच, काय योगायोग! — आणि चालू प्लग दोनच: एक स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या मिक्सरपाशी, दुसरा हॉलमध्ये, सासऱ्यांच्या खुर्चीमागे. माझा फोनसुद्धा तिथेच चार्ज होतो, सगळ्यांच्या देखत. म्हणून तर हे बिनवायरचं. द्या बांधून, खोक्यावरचं चित्र दिसणार नाही असं — काय? आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी लागते?

...कुठे?

नाही, घरी नाही. इथे लावा, तुमच्या त्या काउंटरमागे. लागू दे लागेल तेवढा वेळ, मी बसते या स्टुलावर. तुम्ही ते गिऱ्हाईक बघा ना, कधीचं ताटकळलंय — माझ्याकडे काय बघताय?