गच्चीवरच्या टाकीचं पाणी

—नाही नाही मॅडम, लगेच टाकीत कशाला हात घालताय! लॅबवाल्या आल्या आणि परबांनी चहासुद्धा विचारला नाही, असं नको—सेक्रेटरी आहे मी, अठरा वर्षं, मुलुंडमध्ये कुणालाही विचारा. आणि हा कॅन? दहा लिटरचा? मागच्या वेळी तुमचा माणूस एवढीशी बाटली देऊन गेला, भरून ठेवा म्हणाला, मी ठेवली भरून. आता म्हणे हे जिआर्डिया का कोण, पोटातले जंतू, ते थोड्या पाण्यात सापडतच नाहीत—सगळं पाणी गाळायचं, मग मायक्रोस्कोपखाली शोधायचे. क्लोरीनलाही दाद देत नाहीत? कमाल आहे! आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा केतन नोटिशीला दाद देत नाही, तसंच झालं हे.

मागचा रिपोर्ट मात्र झकास होता हां. बोर्डावर लावलाय, खाली माझी सही. बाटली कुठून भरली? टाकीतूनच की—म्हणजे पाणी मूळचं टाकीतलंच. आता त्यात गाळ दिसायला लागला तर बाहेरच्यांना तसंच द्यायचं? मुलगी दाखवताना तोंड धुऊनच बाहेर आणतात ना? मी आपली घरच्या फिल्टरच्या पाण्यानं भरली. सोसायटीची अब्रू, दुसरं काय! कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं म्हणजे... आमच्या हिनं, रुक्मिणीनं, तो रिपोर्ट वाचला. टाकीचं पाणी एवढं चांगलं, मग हे फिल्टरचं यंत्र कशाला जागा अडवतंय—दिलं काढून! निदान उकळ म्हटलं, तर म्हणते, स्वतःच्या सहीवर विश्वास नाही का? मी आपला बाहेरून विकतची बाटली आणायचो, पोटाचं कारण सांगून. पण दिशा, नात माझी, पाच वर्षांची—ती आजीच्याच हातचं पिते. तीन आठवडे जुलाब, आता चार दिवस हॉस्पिटलात आहे. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता, तर हिनं मोबाइलवर रिपोर्टचा फोटो दाखवला. कौतुकानं, हो! मला तिथेच रडू आलं. म्हणून तर तुम्हाला फोन केला मी—कमिटीला न विचारता.

तेव्हा घ्या, तळाचं घ्या, जितकं घाण मिळेल तितकं घ्या. फक्त त्या मागच्या रिपोर्टच्या बाटलीचं कुठे लिहू नका, मॅडम. हिला कळलं तर ती मला—

काय झालं? मागे कोण?

अगं... तू हॉस्पिटलातून कधी आलीस? आणि एवढे जिने चढून, गुडघे दुखत असताना... मॅडमसाठी पाणी आणलंस होय.

मॅडम, ते पिऊ नका.